रोममध्ये पायी एक दिवस: नदीच्या वळणात, घाई न करता

रोमच्या मधोमध टायबर नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात, नदी आणि व्हिया देल कोर्सो हा सरळसोट रस्ता यांच्या मध्ये, जुन्या शहराचा सगळ्यात दाट भाग आहे. पायी फिरायच्या पहिल्या दिवशी एवढाच भाग घ्यावा, सुरुवात जरा पूर्वेकडून करावी आणि दुपारनंतर नदी ओलांडून त्रास्तेवेरेत जावं. कोलोसियम आणि व्हॅटिकन यांना वेगळे दिवस द्या. दोन्हीकडे वेळेची तिकिटं आधी काढून जाणं भाग पडतं, आणि दिवस घड्याळाला बांधला की भटकंतीची धावपळ होते. स्पॅनिश पायऱ्याही इथे घेतलेल्या नाहीत. तिथे बसायला २०१९पासून बंदी आहे, आणि बसायचंच नाही तर त्या पायऱ्यांची निम्मी मजा गेली.

खाली दिलेला मार्ग सहा-साडेसहा किलोमीटरचा आहे. गल्लीबोळांत शिरणं, चुकणं, मागे येणं धरून नऊ-दहा किलोमीटर होतात. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला हे काही फार नाही. दिवस बिघडतो तो अंतराने नाही; तो बिघडवतात पायाखालचे दगड, दुपारी दारं लावून घेणारी चर्च आणि अवेळी लागलेली भूक. या तिघांचा बंदोबस्त आधी करून ठेवला की बाकी शहर आपोआप दिसतं.

दिवस निवडताना

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन आपल्या विदर्भाइतकं नसलं तरी दगडी रस्ते आणि भिंती तापतात आणि सावली मिळत नाही. १५ ऑगस्टच्या आसपास बरीच छोटी हॉटेलं आणि दुकानं सुट्टीवर असतात. रविवार टाळा, कारण सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात आणि काम्पो दे फिओरीचा बाजार बंद असतो. शनिवारी जुन्या ज्यू वस्तीतली कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे चालणारी, हॉटेलं बंद असतात, म्हणजे दुपारच्या जेवणाचा बेत कोसळतो. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस उत्तम.

सूर्यास्त कधी आहे ते आदल्या रात्री पाहून ठेवा. जूनमध्ये तो पावणेनऊच्या सुमाराला होतो, डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आत. शेवटचा चढ त्याच्या हिशोबाने चढायचा आहे.

पायात काय, पिशवीत काय

जुन्या रोमचे रस्ते काळ्या दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांचे आहेत. त्यांना साम्पिएत्रीनी म्हणतात. नेहमीच्या ठोकळ्याचा माथा साधारण १२ सेंटिमीटर असतो, तो रेतीत बसवलेला असतो आणि दोन ठोकळ्यांत बोटभर फट राहते. वरचा माथा किंचित फुगीर आणि शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेला. त्यामुळे प्रत्येक पाऊल थोडं वेगळ्या कोनात पडतं आणि संध्याकाळी टाचेपेक्षा घोटा जास्त दुखतो. पातळ तळव्याच्या चपला, उंच टाचा आणि कोरे करकरीत बूट, तिन्ही बाद. जाड तळव्याचे, मागून घोटा धरणारे आणि निघण्याआधी किमान दोन आठवडे वापरलेले बूट घाला. पाऊस पडला की हे दगड तेल ओतल्यासारखे निसरडे होतात. तेव्हा पावलं लहान टाका आणि संध्याकाळचा चढ सोडून द्या. बाबागाडी नेणार असाल तर मोठ्या चाकांची न्या.

पिशवीत अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, मोज्यांचा एक जादा जोड, फोडांवर लावायच्या पट्ट्या, आणि एक पातळ ओढणी किंवा शाल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही. पट्ट्या संपल्या तर हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानात ‘चेरोत्ती’ मागा. एक युरोची आणि ५० सेंटची पाच-सात नाणी वेगळ्या खिशात ठेवा. ती कशाला, ते पुढे येईल.

मोठी बाटली विकत घेऊन वागवू नका. शहरात अडीच हजारांच्या आसपास नळ रस्त्यावर चोवीस तास वाहत असतात. कमरेपेक्षा जरा उंच ओतीव लोखंडाचा खांब आणि पुढे वाकलेली तोटी, म्हणून त्यांचं नाव नासोने, म्हणजे मोठं नाक. १८७४पासूनच्या या पाणपोया आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं आणि तोंड लावून पिता येतं. पहिल्यांदा हळूच दाबा, नाहीतर शर्ट भिजतो.

साडेसात: बार्बेरिनी ते त्रेवी

मेट्रोच्या ‘ए’ मार्गाने बार्बेरिनी स्थानकावर उतरा. दारातल्या यंत्रावर बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट झालं. माणशी वेगळं कार्ड लागतं. भारतीय कार्डांवर परदेशातले असे व्यवहार बहुधा बंद असतात, ते निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा. नाहीतर मोठ्या ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात कागदी तिकीट मिळतं. बस किंवा ट्रॅममध्ये ते कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. खिशात कोरं तिकीट असणं हा बचाव चालत नाही, दंड होतोच.

वर आल्यावर चौकात शिल्पकार बेर्निनीचा त्रितोने हा समुद्रदेव शंख फुंकत बसलेला आहे. त्याच्याकडे पाठ करून व्हिया देल त्रितोनेच्या उताराने निघालात की दहा मिनिटांत डावीकडच्या गल्ल्यांमधून पाण्याचा आवाज येतो. त्रेवी कारंजं १७६२मध्ये पूर्ण झालं, पण त्यातलं पाणी फार जुनं आहे: रोमन सेनापती अग्रिप्पाने इसवीसनापूर्वी १९मध्ये शहरात आणलेल्या आक्वा व्हिर्गो या जलवाहिनीचा वारसा. अग्रिप्पाचं नाव लक्षात ठेवा, दीड तासाने पुन्हा भेटेल.

इथे साडेसात-आठला यायचं कारण एकच, गर्दी. दहानंतर समोरचा छोटा चौक माणसांनी बुजतो आणि काठापर्यंत उतरायला एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. त्याचे नियम आणि शुल्क आदल्या दिवशी तपासा. पाण्यात पाय बुडवला तर शेकडो युरोंचा दंड आहे. ही सूचना शहरातल्या सगळ्याच कारंज्यांना लागू.

कॉफीची रीत

कारंज्यासमोर कॉफी घेऊ नका, दोन गल्ल्या पुढे जा. इथे ‘बार’ म्हणजे कॉफीचं दुकान. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून काय हवं ते सांगायचं. उभ्याने प्यायची कॉफी दीड युरोच्या आसपास पडते; तीच खुर्चीवर बसून प्यायलात तर दुप्पट-तिप्पट. ही फसवणूक नाही, दोन दर भिंतीवर लिहिलेले असतात. नुसतं ‘काफे’ म्हटलं की दोन घोटांची कडक एस्प्रेसो येते. ‘लात्ते’ मागितलंत तर पेलाभर दूध येईल. आपल्या फिल्टर कॉफीच्या जवळ जाणारी कापुच्चीनो, आणि ती सकाळचीच. दुपारी जेवणावर मागितली तर देतात, फक्त भुवई उंचावून.

त्याच वेळी ‘बान्यो’ कुठे आहे ते विचारा. रस्त्यावर स्वच्छतागृहं तुरळक आहेत आणि बारमधलं वापरायला गिऱ्हाईक असावं लागतं. किल्ली किंवा आकडा काउंटरवर मिळतो. दर कॉफीला एकदा जाऊन यायचं हा नियमच करा, गरज वाटो न वाटो.

नऊ: पँथिऑन आणि हत्ती

त्रेवीपासून पश्चिमेला कोर्सो ओलांडून सातशे मीटर. कोर्सो ओलांडताना पुणेकराला बरं वाटेल: पांढऱ्या पट्ट्यांवर नुसतं उभं राहिलं तर कोणी थांबत नाही. चालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून एका लयीत चालू लागायचं, मग गाड्या थांबतात. मध्येच पळणं किंवा मागे सरणं धोक्याचं, कारण स्कूटरवाला तुमची चाल गृहीत धरून बाजूने काढत असतो.

पँथिऑन सकाळी नऊला उघडतं. जुलै २०२३पासून तिकीट आहे. ते आदल्या दिवशी ऑनलाइन काढा म्हणजे एक रांग वाचते. कपाळपट्टीवर त्याच अग्रिप्पाचं नाव कोरलेलं दिसेल, पण ही इमारत त्याची नव्हे. त्याची जळून गेली. उभी आहे ती सम्राट हेड्रियनच्या काळातली, इसवी १२५च्या सुमाराची, जुना लेख कायम ठेवून बांधलेली. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावरचं भोक उघडं आहे, त्यातून पाऊस आत पडतो. फरशी मध्यभागी किंचित उचललेली आणि तिला पाणी जायला भोकं ठेवलेली आहेत, ती शोधा. पावसाचा दिवस निघाला तर इथे जास्त वेळ काढा.

बाहेर पडून उजव्या हाताने इमारतीच्या मागे जा. सान्ता मारिया सोप्रा मिनेर्व्हा चर्चसमोर एक छोटा दगडी हत्ती पाठीवर इजिप्तचा स्तंभ घेऊन उभा आहे. १६६७चा, कल्पना बेर्निनीची. सोंड जरा जास्तच लांब झाली आहे, हे आपल्या लगेच लक्षात येतं. चर्चच्या दर्शनी भिंतीवर उजवीकडे टायबरच्या जुन्या पुरांच्या खुणांच्या पाट्या आहेत. १५९८ची पाटी तुमच्या डोक्याच्या बरीच वर असेल. नदी इथून दिसतही नाही.

चित्रं बघायची तर बाराच्या आत

दुपारी बंद राहण्याचा मान फक्त पुण्याच्या दुकानांकडे नाही. रोममधली बरीच चर्च साडेबाराच्या आसपास दार लावतात आणि तीन-चारला उघडतात. नवखा माणूस सकाळ खरेदीत घालवतो आणि दुपारी बंद दारं मोजत फिरतो. म्हणून पुढची दोन चर्च आत्ताच, आणि दोन्ही फुकट.

सान लुईजी देई फ्रान्चेझी पँथिऑनपासून पाच मिनिटांवर. आत डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात कारावाज्जोने १५९९ ते १६०२ या काळात रंगवलेली संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. कोनाडा अंधारा असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. खिशातली सुट्टी नाणी यासाठी. डावीकडचं ‘मॅथ्यूला बोलावणं’ आधी पाहा: चित्रातला उजेड खऱ्या खिडकीच्या बाजूने येतो. दुसऱ्या कोणी नाणं टाकायची वाट बघत बसलेले दहाजण तुम्हाला नेहमी सापडतील. एक युरो टाका आणि पुढे उभे राहा.

तिथून उत्तरेला तीन मिनिटांवर सान्त’आगोस्तीनो. शिरल्याशिरल्या डावीकडच्या पहिल्या कोनाड्यात कारावाज्जोचंच एक चित्र: दारात मूल घेऊन उभी मेरी आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेले दोन वृद्ध यात्रेकरू. त्यांचे मळलेले, सुजलेले तळवे थेट आपल्याकडे आहेत. वारीहून परतलेल्या माणसाचे पाय ज्याने पाहिलेत त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

दाढीवाली गंगा

पियाझ्झा नवोना लांबट का, तर तो सम्राट डोमिशियनच्या क्रीडांगणाच्या आकारावर बसलेला आहे; भोवतीची घरं जुन्या प्रेक्षकपायऱ्यांच्या जागी उभी आहेत. मधलं बेर्निनीचं कारंजं १६५१चं, चार खंडांच्या चार नद्यांचं. डोक्यावरून कापड ओढलेली नाईल, कारण तिचा उगम तेव्हा युरोपाला माहीत नव्हता. शेजारी नाण्यांची रास असलेली रिओ दे ला प्लाता. डॅन्यूब. आणि हातात लांब वल्हं घेऊन रेलून बसलेली आपली गंगा, चांगली दाढीवाली. इटालियनमध्ये ‘गांजे’ पुल्लिंगी आहे, त्यामुळे शिल्पकाराचा इलाज नव्हता. वल्हं कशासाठी? एवढ्या पात्रातून नावा चालतात हे दाखवायला.

चौकातल्या हॉटेलांत बसू नका, दर पाहिल्यावर कारण कळेल. फुकट गुलाब हातात देणारा, मनगटावर दोरा बांधणारा आणि सह्यांचा कागद पुढे करणारा, तिघांनाही न थांबता ‘नो, ग्रात्सिए’ म्हणून पुढे चला. थांबलात की हात खिशाजवळ येतो. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

अकरा: बाजार, आणि गोव्याची एक आठवण

काम्पो दे फिओरीचा भाजीबाजार दुपारी दोनच्या सुमाराला आवरतो. मध्ये टोपी ओढून उभा आहे तो तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रुनो. १७ फेब्रुवारी १६०० रोजी त्याला याच चौकात जाळलं, पुतळा १८८९चा. फळं इथे घ्या, पण हाताने निवडू नका, विक्रेता देईल. कोपऱ्यावरच्या बेकरीत पिझ्झा बियांका, म्हणजे ऑलिव्ह तेल आणि मीठ लावलेला चपटा पाव, हातभर कापून घेतलात तर जेवणापर्यंत आधार होतो.

तिथून पूर्वेला लार्गो दी तोर्रे आर्जेन्तीना. रस्त्याच्या पातळीखाली चार देवळांचे अवशेष आणि त्यांत पसरलेली मांजरं. याच आवारात, गोल देवळाच्या मागे, इसवीसनापूर्वी ४४मध्ये ज्यूलियस सीझरचा खून झाला. कठड्यावरून फुकट दिसतं, खाली उतरायची गरज नाही.

आणखी चार मिनिटं चाललात की जेझू हे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं मूळ चर्च. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, त्याचा उजवा हात १६१४मध्ये वेगळा करून रोमला आणला. तो इथे आहे, उजव्या बाजूच्या मोठ्या वेदीवर, सोनेरी पेटीत. गोव्यात शव पाहिलेल्याला इथे येऊन वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं वाटतं. छत पाहताना मान अवघडते म्हणून खाली आरसा ठेवलेला असतो, त्यात वाकून पाहा. साडेबाराच्या आत आलात तरच हे जमेल.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. मग बरीच स्वयंपाकघरं साडेसातपर्यंत बंद. तीन वाजता भूक लागली तर वजनावर मिळणारा पिझ्झाच हाती उरतो: काचेआड लांब लाद्या असतात, हाताने आकार दाखवायचा, ते कापून, तोलून, गरम करून देतात. दर शंभर ग्रॅमचा, म्हणजे ‘एत्तो’चा, की किलोचा ते पाहून घ्या.

‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नका. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. ज्या गोष्टींत नवखे फसतात त्या अशा: भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत आत बहुधा अँकोव्ही मासा असतो, सुप्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यात मूळ कृतीप्रमाणे खिमा, पुन्तारेल्ले नावाच्या कोशिंबिरीत पुन्हा अँकोव्ही, कार्बोनारा आणि आमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस. काचो ए पेपे दिसायला निरुपद्रवी, नुसतं चीज आणि मिरी, पण त्यातलं पेकोरीनो कोकराच्या पोटातल्या रेनेट या विरजणाने विरजलेलं असतं. पार्मेझानला वासराचं. हे चालत नसेल तर चीज नसलेला मारिनारा किंवा रोस्सा पिझ्झा, नाहीतर लसूण-तेल-मिरचीचं स्पगेटी घ्या. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात बहुधा नसतं. सोबत ‘चिकोरिया रिपास्साता’ मागा. लसूण आणि लाल मिरचीवर परतलेली ही कडसर पालेभाजी खाल्ल्यावर भाकरीची आठवण येते.

जेझूपासून दहा मिनिटांवरची ज्यू वस्ती जेवायला सगळ्यात चांगली. १५५५मध्ये पोपने इथे ज्यूंना भिंतीआड कोंडलं. कोशर नियमाने दूध आणि मांस एका स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून दुधाच्या कोशर हॉटेलात मांस सापडणार नाही. मासा मात्र असू शकतो, विचारून घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर ‘कार्चोफी अल्ला जूदिया’ चुकवू नका: अख्खं आर्टिचोक दोनदा तळून कमळासारखं उमललेलं, पाकळ्या कुरकुरीत आणि देठ मऊ. बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘इल कोन्तो’ म्हणा. त्यात पावाचे किंवा टेबलाचे माणशी एक ते तीन युरो असतील. टिप सक्तीची नाही.

जेवल्यावर रस्त्याकडे पाहत चाला. दारांसमोर ठोकळ्यांच्या मधे पितळी चौकोन बसवलेले आहेत. प्रत्येकावर नाव, जन्मसाल आणि नाझींनी नेल्याची तारीख. बऱ्याच तारखा १६ ऑक्टोबर १९४३ या एकाच दिवसाच्या आहेत. पोर्तिको द’ओत्ताव्हियाच्या अवशेषांत पूर्वी मासळीबाजार भरायचा. तिथल्या संगमरवरी पाटीवर लॅटिन फर्मान आहे: या पाटीपेक्षा लांब माशाचं डोकं, पहिल्या परापर्यंत, शहराच्या अधिकाऱ्यांना द्यावं. डोक्याची चव ओळखणारे अधिकारी होते.

दुपार: बेट आणि त्रास्तेवेरे

पोन्ते फाब्रिचो हा पूल इसवीसनापूर्वी ६२चा, रोममधला मूळ रूपात टिकलेला सगळ्यात जुना. त्यावरून टायबर बेटावर जा आणि पायऱ्यांनी खालच्या दगडी काठावर उतरा. इथे तासभर पाय पसरून बसा, मोजे बदला. शहरात बाकं कमी आहेत, त्यामुळे अशी जागा मिळाली की सोडायची नाही. पाणी चढलेलं असेल तर खाली उतरू नका.

त्रास्तेवेरेत ठरवून काही पाहायचं नाही. फोनवरचा नकाशा अरुंद गल्ल्यांत उड्या मारतो, खिशात ठेवा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी, त्यामुळे हरवायला फार वाव नाही. फक्त सान्ता मारिया इन त्रास्तेवेरेत शिरा: वेदीमागची बाराव्या शतकातली सोनेरी मोझेक आणि पुन्हा नाण्याचा दिवा. आइस्क्रीमच्या दुकानात आधी पिस्त्याचा रंग पाहा. मळकट हिरवा असेल तर आत जा, पोपटी ढीग असेल तर पुढे.

सूर्यास्ताआधी तासभर

व्हिया गारिबाल्दीने वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. १६१२चं आक्वा पाओला हे भलंमोठं कारंजं आलं की थांबा. त्याच्या समोरच्या कठड्यावरून दिवसभराचा सगळा भाग एका नजरेत येतो. पँथिऑनचा चपटा घुमट शोधून काढायला थोडा वेळ लागतो, कारण रस्त्यावरून एवढा मोठा वाटलेला तो वरून इतर घुमटांत दडतो.

उतरताना गुडघ्यांवर जोर येतो, तेव्हा पायऱ्यांची आडवाट सोडून रस्त्यानेच या. खाली पोन्ते सिस्तो हा फक्त पायी चालणाऱ्यांचा पूल आहे. तो ओलांडला की सात-आठ मिनिटांत काम्पो दे फिओरी. पाय थकले असतील तर पूल ओलांडू नका, व्हियाले त्रास्तेवेरेवर या आणि आठ नंबरची ट्रॅम धरा. गर्दीत पिशवी पोटाशी घ्या आणि चढल्याबरोबर कार्ड टेकवा. वाटेत काही अडलं तर आपत्कालीन नंबर ११२.